दादाचा गेम

२ फेब्रुवारी, रविवार

कल्पना सुचली. नुसती सुचली नाही, अंगावर चालून आली.

रविवार म्हणून वर दादाकडे गेलो होतो. आमचं बिऱ्हाड खालच्या मजल्यावर, दादा-वहिनी वरच्या. दादा खुर्चीत, समोर टीव्ही, टीव्हीला आमच्या लहानपणीचा व्हिडिओ गेम जोडलेला. मोटारसायकलची शर्यत. गेल्या वर्षी दादाला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही अर्धीमुर्धीच उरली. हाताला आवडीचं काम द्या असं फिजिओबाई म्हणाल्या, म्हणून वहिनींनी माळ्यावरून हा गेम शोधून काढला. उजव्या अंगठ्याने बटण दाबून धरलं की मोटारसायकल पळते, अंगठा सुटला की थांबते. सुरुवातीला ती जागची हलत नसे. आता पहिल्या वळणापर्यंत जाते. गेली की वहिनी टाळ्या वाजवतात.

त्यांना टाळ्या दिसतात. मला अडचणी दिसतात. वायर पायात येते. मान वर करून बसावं लागतं. टीव्ही अडकून राहतो. हे सगळं एका छोट्या डब्यात बसवलं, त्यालाच स्क्रीन, त्यालाच बॅटरी, तर दादा पडल्या पडल्या खेळेल. पोर्टेबल! २० मार्चला त्याचा वाढदिवस. तोवर कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

जरा साफ करून देतो, असं सांगून गेम खाली आणला. दादा कंट्रोलर सोडत नव्हता. एकेक बोट उलगडून काढून घ्यावा लागला. पकड फारच सुधारली आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसात व्हिडिओ पाहिला. एक माणूस (नुसते हात दिसतात, तोंड नाही) असाच जुना गेम उघडतो, आतली प्लेट कापतो, वायरी जोडतो आणि डब्यात बसवतो. त्याला बारा मिनिटं लागली. मला नोकरी आहे, संसार आहे. दोन रविवार धरू.

मी लिफ्ट मेंटेनन्स कंपनीत आहे, त्यामुळे टेक्निकल बाजू पक्की. माझं काम कम्प्लेंट डेस्कवर. लिफ्ट अडकली की लोक आतून फोन करतात आणि मी सांगतो की टेक्निशियन निघालाय. ऐकायला सोपं वाटतं. आवाज लागतो त्याला. माझ्या आवाजाने माणूस शांत होतो, मग टेक्निशियन निघालेला असो वा नसो.

शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या की असले हातात धरायचे गेम बाजारात तयार मिळतात. मी नुसता हसलो. तयार तर भाषणंही मिळतात.

५ फेब्रुवारी, बुधवार

एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण काल रात्री जेवताना ही उगाच बोलली की तुम्हाला दादांची कुठलीही वस्तू हातात आली की राहवत नाही. हे खोटं आहे.

तो गेम बाबांनी दोघांसाठी आणला होता. खेळायचा दादा. मी बघायचो. तो जिंकायचा आणि मी टीव्ही बंद करायचो. एका सुट्टीत तर माझ्याकडे फक्त टीव्ही चालू करणं आणि बंद करणं एवढंच खातं होतं. मला त्याचा राग कधीच आला नाही. बघण्यातून निरीक्षणशक्ती वाढते. दादाची ती कधी वाढली नाही, बिचारा खेळतच राहिला.

९ फेब्रुवारी, रविवार

गेम उघडला. सहज उघडला असं म्हणता येणार नाही.

स्क्रू वेगळ्याच आकाराचे, आपला स्क्रूड्रायव्हर लागतच नाही. व्हिडिओवाला म्हणतो, बॉलपेनची नळी लायटरने तापवून स्क्रूवर दाबा, गार झाली की तिचाच स्क्रूड्रायव्हर होतो. केलं. नळी स्क्रूला अशी चिकटली की पेन त्या गेममधून उगवल्यासारखं उभं राहिलं. मग दुसरं पेन. मग हिचं चांगलं पेन. तीन पेनं उभी राहिल्यावर छिन्नी घेतली. झाकण फुटलं. झाकण तसंही फेकायचंच होतं, त्यामुळे यात नुकसान असं काही नाही.

हिने सगळ्या खिडक्या उघडल्या.

आत एक हिरवी प्लेट, त्यावर पत्र्याचं कव्हर आणि कॅसेट घालायची खाच. बस. एवढ्याशा जिवावर इतकी वर्षं रुबाब केला.

संध्याकाळी वहिनी खाली आल्या. भाऊजी, झालं का साफ? हे सकाळपासून टीव्हीकडे बघत बसलेत. मी ऑफिसचा आवाज लावला. म्हटलं, काम चालू आहे, थोडा धीर धरा. वहिनी शांत झाल्या. आवाज घरीही चालतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

जिन्यात फिजिओबाई भेटल्या. त्या आठवड्यातून तीनदा येतात, प्रत्येक वेळी घाईत. म्हणाल्या, गेम कुठे आहे? अंगठा आत्ता कुठे जागा होत होता, रोज चालवला नाही तर परत आखडेल. मी म्हटलं, याहून चांगलं काहीतरी येतंय. त्या म्हणाल्या की याहून चांगलं नकोय, तेच हवंय.

सर्टिफिकेटवाल्या माणसांची हीच गोष्ट. पुस्तकाबाहेर दिसत नाही.

बाईंचं समाधान म्हणून दादाला एक स्पंजचा चेंडू नेऊन दिला. दादाने तो डाव्या हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि खाली टाकला. म्हणजे डावा हात उत्तम आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

स्क्रीनचा प्रश्न सुटला! व्हिडिओवाला सांगतो की गाडीत मागचं दाखवणारा जो छोटा स्क्रीन असतो, तो या कामाला एक नंबर. दादाच्या गाडीत तसा स्क्रीन आहे. दादा आता गाडी चालवू शकत नाही. मग स्क्रीन कुणासाठी? वहिनी चालवतात, पण त्या पुढे बघून चालवतात.

दुपारी सगळे झोपले असताना खाली पार्किंगमध्ये जाऊन काढून आणला. डॅशबोर्डला भोक दिसत होतं, त्यावर कॅलेंडरचं पान चिकटवलं. छान निसर्गचित्र होतं. धबधबा.

दादाचीच वस्तू दादाच्याच कामी. यात मला एक वेगळंच समाधान आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनी दादाला हॉस्पिटलात घेऊन निघाल्या आणि गाडी मागे घेताना पार्किंगच्या खांबावर आदळल्या. दिवा फुटला. दादाचं डोकं खिडकीला लागलं, टेंगूळ आलं. खांबाला काही नाही.

वहिनी जागेवर बसून रडत होत्या. म्हणाल्या, भाऊजी, स्क्रीन चोरीला गेलाय आणि चोराने तिथे धबधबा लावलाय. मी म्हटलं, हल्ली चोर फार विकृत झालेत.

दादा मागच्या सीटवरून माझ्याकडे बघत होता. बराच वेळ. त्याची नजर पूर्वीसारखी तल्लख होत चालली आहे.

वहिनींनी रिव्हर्सची प्रॅक्टिस वाढवायला हवी. योग्य वेळ बघून सुचवेन.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी

आज प्लेट कापायची. सगळ्यात नाजूक काम. ऑफिसच्या स्टोअरमधून छोटा ग्राइंडर आणलाय (सोमवारी परत ठेवणार). चष्मा घातला. हिला सांगितलं, मला कुणी हाक मारायची नाही. ती म्हणाली, अजून वेळ गेलेली नाही, आहे तसं उचला आणि वर नेऊन द्या. फुटकं झाकण असलं तरी चालेल त्यांना.

बायकांना अर्ध्यावर परतायची फार हौस.

तोच दिवस. दुपारी

प्लेट कापली. सरळ कापली, रेघ वाकडी गेली नाही, याची नोंद असावी.

नंतर व्हिडिओ पुन्हा पाहिला. त्याच्या हातात आहे ते आमच्यानंतरच्या वर्षीचं मॉडेल. बाहेरून सारखंच. आतून मात्र त्याच्यात जिथे रिकामी जागा आहे तिथे आमची मुख्य चिप आहे. होती.

आता तिचे दोन समान भाग आहेत.

तोच दिवस. संध्याकाळी

कॉमेंटमध्ये लिहिलं की तुमच्यामुळे एका आजारी माणसाचं नुकसान झालं. त्याचं उत्तर आलं. पहिल्याच मिनिटाला मॉडेल नंबर तपासा असं त्याने म्हटलंय म्हणे. शेवटी हसणारा चेहरा.

पहिलं मिनिट कोण बघतं?

२४ फेब्रुवारी, सोमवार

चिप फेविक्विकने जोडून पाहिली. नाही.

ऑफिसात लक्ष लागत नव्हतं. एका सोसायटीतून एका बाईचा फोन आला, लिफ्टमध्ये अडकल्यात, श्वास कोंडतोय. मी म्हटलं टेक्निशियन निघालाय, आणि चिपला वायरी लावून जिवंत करण्याचा एक व्हिडिओ चालू होता तो पुढे पाहिला. पुन्हा फोन आला. निघालाय. पुन्हा आला. जवळच आहे म्हटलं. मग आलाच नाही फोन, म्हणजे सुटल्या असणार.

घरी निघताना लक्षात आलं की कम्प्लेंट रजिस्टरमध्ये चढवायचीच राहिली. म्हणजे टेक्निशियनला कुणी सांगितलंच नव्हतं. सोसायटीच्या लोकांनी दार फोडून बाईंना काढलं. बेशुद्ध होत्या, पण त्यांना आधीपासूनच दम्याचा त्रास आहे असं समजलं. त्यामुळे आपल्याकडे फारसं काही येत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांनी बोलावलं. डेस्कवरचा फोन काढून घेतला. उद्यापासून मागच्या खोलीत, जुन्या लिफ्टचे नकाशे नंबराप्रमाणे लावायचे.

टेक्निकल साइडला घेतलं शेवटी. हिला सांगितलं. तिने विचारलं, पगार वाढला का? किती संकुचित विचार.

२ मार्च, रविवार

खचलेलो नाही. प्लेट गेली म्हणून प्रोजेक्ट जात नाही. आत्मा महत्त्वाचा. स्क्रीन आहे, कंट्रोलर आहे, जिद्द आहे. आज डब्याचं काम केलं. स्विचबोर्डचा पांढरा प्लास्टिकचा डबा आणला. कंट्रोलर हॅकसॉने मधोमध कापला, एक अर्धा डावीकडे, एक अर्धा उजवीकडे चिकटवला. लांबून पाहिलं तर कंपनीचं वाटतं. लांबून म्हणजे स्वयंपाकघरातून.

स्पीकर हवा होता. दादाच्या पलंगाजवळ बिनवायरची बेल आहे, ती दाबली की स्वयंपाकघरात वाजते. त्यातला स्पीकर अगदी मापाचा. वहिनींना म्हटलं बेल दुरुस्तीला नेतो. त्या म्हणाल्या, बेल चांगली आहे. मी म्हटलं, वहिनी, बिघडायच्या आधी दुरुस्त करणं यालाच मेंटेनन्स म्हणतात. हे त्यांना पटलं नाही, पण मी नेली. बदल्यात स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला. वाजवला की टण्‌ असा स्वच्छ आवाज येतो.

५ मार्च, बुधवार

वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. दादाने पेला वाजवला असणार, पण गच्चीवर टण्‌ पोचत नाही. मग दादा बाथरूमला जायला एकटाच उठला आणि पलंगाच्या नि कपाटाच्या मधल्या जागेत पडला. वहिनी खाली आल्या तेव्हा तो तिथेच बसलेला, कपडे खराब झालेले. पेला हातात.

एकटा उठला! किती महिन्यांत पहिल्यांदा. मी वहिनींना म्हटलं, याकडे प्रगती म्हणून बघा. वहिनींनी मला दारापर्यंत पोचवलं. पोचवायला त्या कधी येत नाहीत.

ही संध्याकाळभर वर होती. दादाला आंघोळ घालायला मदत केली म्हणे. खाली आली आणि माझ्याशी न बोलता जेवली. मी विचारलं काय झालं. म्हणाली, त्यांनी मला हात जोडले.

दादा सगळ्यांशी फार नम्र झालाय आजारपणापासून. आधी नव्हता.

९ मार्च, रविवार

फिजिओबाई मुद्दाम दार वाजवून आत आल्या. टेबलावरचा सगळा पसारा पाहिला. कापलेली प्लेट, अर्धे कंट्रोलर.  मग म्हणाल्या, अंगठा परत तळहातात वळलाय, आता उघडायला गेलं की त्यांना दुखतं. पुन्हा पहिल्यापासून. कदाचित पहिल्याइतकं होणारही नाही.

मी समजावलं की यंत्र वापरात नसेल तेव्हा त्याला विश्रांती मिळते. त्या म्हणाल्या की तो अंगठा आहे.

वादाला अर्थ नव्हता. माझ्याकडे सोल्डरिंगचा फ्लक्स तापत होता.

१३ मार्च, गुरुवार

बोट भाजलं. सोल्डरिंग आयर्न उलट्या बाजूने धरलं. उजवा अंगठाच. पेन धरता येत नाही, डाव्या हाताने लिहितोय. शर्टाचं बटणही लावता येत नाही. ही लावून देत नाही.

दादाला काय होत असेल याची आता मला पूर्ण कल्पना आहे.

१६ मार्च, रविवार

वाढदिवस तोंडावर. एक व्यावहारिक निर्णय घेतला. बाजारातून एक छोटा तयार गेम आणला, मुलांच्या खेळण्यांच्या दुकानातून. त्याचं पोट काढून माझ्या डब्यात बसवलं. मोठमोठ्या गाड्या बनवणारे तरी टायर कुठे घरी करतात? बाहेरूनच घेतात. गाडीला नाव मात्र त्यांचंच असतं.

त्यात मोटारसायकल नाही. नऊशे नव्याण्णव गेम आहेत असं खोक्यावर लिहिलंय. मी मोजले. सहा आहेत, तेच पुन्हा पुन्हा येतात. एक मासा आहे, तो लहान मासे खातो.

दादाला मासा आवडेल.

१९ मार्च, बुधवार

तयार! वजन जरा आहे. टॉर्चच्या बॅटऱ्या घालाव्या लागल्या. साधारण दोन विटांइतकं. थोडा तापतो. झाकण बसत नव्हतं म्हणून चिकटपट्टी गुंडाळली. वर मार्करने दादाचं नाव लिहिलं आणि खाली छोट्या अक्षरांत माझं. मग माझं जरा मोठं केलं, कारण दिसत नव्हतं.

२० मार्च, गुरुवार

संध्याकाळी वर गेलो. वहिनी, ही आणि फिजिओबाई होत्या. बाईंना कुणी बोलावलं माहीत नाही. मी दोन शब्द बोललो. जिद्द, बंधुप्रेम, तंत्रज्ञान. मग कपडा काढला.

वहिनींची नजर आधी स्क्रीनवर गेली. मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी स्क्रीन ओळखला असावा, पण समारंभात बोलल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

मी डबा दादाच्या मांडीवर ठेवला आणि त्याचा उजवा अंगठा बटणावर बसवून दिला. तो बसेना. जरा जोर लावला तेव्हा दादा कण्हला. फिजिओबाईंनी माझं मनगट धरून हात बाजूला केला. त्यांची पकड विलक्षण आहे.

गेम चालू झाला. मासा आला. दादाने माशाकडे पाहिलंच नाही. डाव्या हाताने तो कापलेल्या कंट्रोलरच्या कडेवरून बोट फिरवत होता, या अर्ध्यापासून त्या अर्ध्यापर्यंत. मासा दुसऱ्या माशाने खाल्ला. डबा तापला तसा मांडीवरून घसरला. मी झेलला.

दादा तोंड हलवायला लागला. सगळे थांबले. त्याला एकेक शब्द ओढून आणावा लागतो. म्हणाला,

"तुला... खेळायचं होतं... तर... मागायचं."

वहिनी आत निघून गेल्या.

सलग वाक्य! पक्षाघातानंतरचं पहिलं. क्रियापद बरोबर, अर्थ बरोबर. मी फिजिओबाईंना म्हटलं की बघा, तुमच्या व्यायामाने जे झालं नाही ते झालं.  केक तसाच राहिला. डबा परत घेऊन आलो, किरकोळ दुरुस्ती आहे.

मला खेळायचं नव्हतं. मुळीच नव्हतं. हे लिहून ठेवतो.

२१ मार्च, शुक्रवार

नव्हतं खेळायचं.

२३ मार्च, रविवार

डबा टेस्टिंगला घेतला. दोष शोधायचे तर वापरून बघावंच लागतं. सकाळी बसलो ते उठलो तेव्हा खिडकीतलं ऊन गेलं होतं. मासा चौथ्या पातळीपर्यंत गेला. दादा कधी चौथ्या पातळीपर्यंत गेला नव्हता. अर्थात तो वेगळा गेम होता.

हिला दाखवायला हाक मारली. ती घरात नव्हती.

२६ मार्च, बुधवार

डबा जळला. पाचव्या पातळीवर. थोडा धूर, मग काही नाही. स्पीकरातून एकदा बेल वाजल्यासारखा आवाज आला आणि संपलं. मासा काय करत होता ते दिसलं नाही.

साहेब म्हणाले, स्टोअरमधला ग्राइंडर कुठाय. उद्या आणतो म्हटलं. बाल्कनीत ठेवला होता, गंजलाय.

३० मार्च, रविवार

ही एका शाळेच्या ऑफिसात कामाला आहे. तिने तिथे सहज विचारलं की कुणाकडे असा जुना गेम पडून आहे का. तिथल्या क्लार्कच्या घरी होता, पोत्यात. कंट्रोलर, वायर आणि मोटारसायकलच्या कॅसेटसकट. त्याने देऊन टाकला. विचारलं आणि मिळाला. एवढंच. यात कौशल्य कुठे आहे?

मी म्हटलं, जरा खाली आण, बघून देतो. तिने तो पोत्यासकट पोटाशी धरला आणि माझ्याकडे पाठ करून जिना चढली.

कळवायला हवं होतं मला आधी. दोन्ही प्लेटा जोडून काहीतरी भक्कम करता आलं असतं.

२ एप्रिल, बुधवार

ही ऑफिसातून परस्पर वर जाते. जेवायला तिकडेच थांबते. मी पाव खातो. पावाला काय वाईट आहे? फिजिओबाईंचाही आवाज येतो, त्या हल्ली घाईत नसतात असं दिसतं.

मला कुणी बोलावलं नाही. मी कामात असतो हे त्यांना ठाऊक आहे.

६ एप्रिल, रविवार

सकाळभर विचार केला आणि मनाचा मोठेपणा दाखवायचं ठरवलं. जे झालं ते झालं. दादाच्या खुर्चीला चाकं बसवून द्यावीत अशी एक कल्पना आहे, ती सांगायला संध्याकाळी वर गेलो. माप घ्यायला टेपही घेतला होता.

दार वहिनींनी उघडलं, अर्धंच. मी चपला काढल्या.

वहिनी म्हणाल्या, "हे झोपलेत, भाऊजी."

आतून मोटारसायकलचा आवाज येत होता. सुरू व्हायची, बंद पडायची, पुन्हा सुरू व्हायची. मग हिचा आवाज, दादा, दाबून धरा, सोडू नका, वळण आलं. वहिनी माझ्याकडे सरळ बघत होत्या. आत बघितलंही नाही त्यांनी.

मी म्हटलं, असू दे, झोपू दे त्याला, विश्रांती हवीच. चपला पुन्हा घातल्या. वहिनींनी दार अगदी हळू लावलं, घरात कुणी झोपलेलं असलं की लावतात तसं.

जिन्यात थोडा थांबलो. आत दादा मोठ्याने हसला.

झोपेत हसतात माणसं.